यंत्रातलं लांबडं

सुभेदार लालासाहेबांनी रिटायर झाल्यावर घेतलेला सगळ्यात छोटा निर्णय म्हणजे मेकॅनिकला बोलवायचं नाही. हवेतली ओल ओढणारं यंत्र ते, काही तोफ नव्हे. पाचगणीच्या पावसात कपाटातल्या चपलांवरसुद्धा बुरशी धरते, म्हणून मुलानं ते डीह्युमिडिफायर पाठवलं होतं. दोन महिने बिचाऱ्यानं रोज बादलीभर पाणी काढलं. आता ते नुसतं घरघरायचं आणि मधूनच फुस्स करायचं.

लालासाहेब स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. पहिल्या स्क्रूला हात लावणार, तोच मागून बायको, बनुबाई, शांतपणे म्हणाल्या, "आवं, थांबा. आत लांबडं हाय."

"कशावरनं?"

"फुस्स ऐकलं न्हाई व्हय? मी शिराळ्याची हाय. मला वळखायला येत न्हाई?"

शिराळ्याची म्हटल्यावर लालासाहेबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ते नागपंचमीचं गाव. तिथल्या लेकी नागाला भाऊ मानतात आणि सापाचं नाव न घेता लांबडं म्हणतात. लालासाहेबांनी सीमेवर चोवीस वर्षं काढली होती, पण साधं गांडूळ दिसलं तरी ते चार पावलं मागं सरकायचे. ही गोष्ट त्यांनी बत्तीस वर्षं बायकोपासून लपवून ठेवली होती. तिला कळलं तर एवढ्या जाड मिशांचा उपयोग काय? (हा प्रश्न मिशांनाही पडत असावा.)

"मग... काढू का बाहेर?" त्यांनी जमेल तेवढ्या भारदस्त आवाजात विचारलं.

"नगं. साताऱ्याच्या नाथाजी मेकॅनिकला बोलवा. तवर हात लावू नगा. डिवचलेलं जनावर लय डूख धरतं."

नाथाजीला यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस लालासाहेब घरात गमबूट घालून वावरले. जेवायला कॉटवर, पेपर वाचायला कॉटवर. पांघरूण आधी काठीनं उलटंपालटं करून मगच अंगावर घ्यायचं. प्लग काढावा, तर तो यंत्राच्या मागं. "ऱ्हाऊ द्या चालू," बनुबाई म्हणाल्या, "ऊब मिळती त्याला." तिकडं फुस्स झालं की इकडं लालासाहेबांना दरदरून घाम फुटायचा.

शेवटी नाथाजी आला. लालासाहेबांनी त्याला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं.

"मग तुमी फौजी मानूस, तुमी बॅटरी धरा," नाथाजी म्हणाला. "मी खोलतो."

बॅटरीचा उजेड भिंतभर नाचत होता. झाकण निघालं आणि आतून काहीतरी काळं, लांब, मऊ सरकत आलं आणि थेट गमबुटावर पडलं. पुढचं लालासाहेबांना आठवत नाही. भान आलं तेव्हा ते टेबलावर उभे होते आणि घसा बसला होता.

"धूळ हाय," नाथाजीनं तो काळा पट्टा उचलून दाखवला. "जाळी तुंबलीया. पंधरा दिवसाला धुवायची असती."

आता लपवून उपयोग नव्हता. "बनु," लालासाहेब टेबलावरूनच म्हणाले, "मला सापाची जरा..."

"ठावं हाय. लग्नानंतरच्या पैल्या पंचमीला मातीच्या नागाम्होरं डोळं मिटून माझ्या चुलत्याचा हात धरला व्हता तुमी."

"मग आत लांबडं हाय म्हणून कशाला सांगितलंस?"

बनुबाईंनी स्क्रू ड्रायव्हर उचलून नाथाजीच्या पिशवीत टाकला.

"दुसरं काय करणार? दिवाळीला तुमी इस्त्री खोलून नीट केली, तवापासनं आमी कापडं गादीखाली घालून झोपतो. लांबड्याचं काय घिऊन बसलाय, मला तर तुमच्या दुरुस्तीचंच लय भ्या वाटतं."