अक्कांचे पाय

अनन्या, रोहन,

डिसेंबरात तुम्ही येणार, म्हणून हे आत्ताच लिहिते. मागच्या वेळी तुम्ही नमस्काराला वाकलात आणि अक्का टुणकन सोफ्यावर चढल्या. रोहनला वाटलं, आपलंच काही चुकलं. तसं नव्हतं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तरुणपणीच एकट्या राहिल्या आणि घरच्या सुया-दोऱ्यांच्या दुकानात आयुष्यभर उभ्या राहिल्या. बसून विकलेला माल गिऱ्हाइकाला शिळा वाटतो, असं त्यांचं मत. आशीर्वाद तोंडभर देत, पण "स्वल्प लांबूनच!" एका लग्नात नवरी वाकत पुढे आणि अक्का मागे, असं करत दोघी थेट आचाऱ्याच्या कढईपाशी पोचल्या. तो ओरडला, "अक्का, इथं नको, तेल तापलंय!" लोक म्हणत, थोरलीला भारी ताठा.

यंदा संध्याकाळी त्यांचे पाय जड पडू लागले. मी त्यांना एचएसआर लेआउटमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. घरातही कधी न काढलेले मोजे अक्कांनी तिथे काढले. घोट्यांभोवती निळ्या-जांभळ्या बारीक शिरांचं जाळं होतं. इतक्या वर्षांत मी ते प्रथमच पाहिलं.

"हात नको लावू बाई," अक्का म्हणाल्या. "तुलाही लागण होईल. आईचे पाय असेच होते. रोज चेपायचे मी, मग मला आलं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाय सरळ हातात घेतला. "अक्का, हे आईकडूनच आलंय, पण जन्मानं. चेपल्यानं नाही. वयानं आणि उभ्याच्या कामानं वाढलं. याची कुणाला लागण होत नाही."

मग त्यांनी सांगितलं, एका जागी फार उभं राहू नका, रोज चाला, बसताना पाय उंच ठेवा, आणि घट्ट मोजे मी देते तेच घाला. रेषा पुसल्या जाणार नाहीत, पाय मात्र हलके होतील.

"सरी, ठीक आहे," एवढंच अक्का म्हणाल्या.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. मी म्हटलं, "आता पोरांना वाकू द्या की."

"वाकू देत." मग बाहेर बघत म्हणाल्या, "माझ्या पायावर पहिली रेघ दिसली ना, तेव्हा मी आईचे पाय चेपणं सोडलं. आई म्हणायची, दुखतंय गं. मी दारातूनच बोलायचे."



आता त्या बसल्या की पायांखाली स्टूल असतं. त्यांच्या आईचा एकच फोटो आमच्याकडे उरला आहे. तो कमरेपर्यंतचाच आहे.