कानाने भेंडी घेणारे आप्पा

ठाण्याच्या बाजारात भाजी डोळ्यांनी बघून घेणारे पुष्कळ, आमचे शेजारी आप्पा मात्र भेंडी कानाने घेत. कचेरीतून पेन्शन घेतलेला हा गृहस्थ रोज सकाळी पागोटे सावरून उकिडवा बसे, भेंडी कानाशी धरून डोळे मिटी आणि शेंडा मोडी. ‘कट्’ वाजली की कोवळी.

बाळकुमहून टोपली घेऊन येणारी पारूबाय वैतागे. "आप्पा, भेंडी घेवाची हाय का तिचा गाना आयकाचा हाय?"

मी एकदा त्यांच्या पाठीमागे वीस भेंड्या मोडल्या. जून कोणत्या, ते त्यांनी मान न वळवता सांगितले. एकही चुकली नाही. मी हातच जोडले. गंमत म्हणजे एवढी पारख करून झाल्यावर हा माणूस एक जून भेंडी मुद्दाम मागून घेई.

मग आळीत वाटप. पोट साफ होत नाही, भेंडी. तोंड आले, भेंडी. "बुळबुळीत म्हणून नाक मुरडू नका, ती बुळबुळच आतडी सांभाळते." पण मला मुतखडा झाल्याचे कळताच त्यांनी आमच्या चुलीवरची कढई उतरवायला लावली. "मास्तर, तुम्हाला बंद. एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं." वैद्यबुवांनीही तेच सांगितले, पण राग आला तो आप्पांचा.

त्यात त्यांच्या घरी काकू आजारी. दृष्टी गेलेली, अंथरूण धरलेले, अन्नावरची वासना उडालेली. पोटात दोन घास जात नाहीत म्हणून सारी आळी हळहळे, आणि नवरा बाजारात भेंड्या ऐकत बसलेला. एका सकाळी मी दोन शब्द सुनावायचे ठरवून त्यांच्या घरात शिरलो.

आप्पा काकूंच्या उशाशी बसून त्यांच्या कानाशी भेंड्या मोडत होते.

"कोवळी," काकू म्हणाल्या. "हीसुद्धा." तिसरीला त्या थांबल्या. "ही जून आहे. फसलात तुम्ही आज."

"फसलो खरा," आप्पा म्हणाले. "तू जिंकलीस. आता ठरल्याप्रमाणे पेज घ्यायची."

काकूंनी हसून तोंड उघडले. एक घास, दुसरा, तिसरा.

ओसरीवर येऊन आप्पा हळूच म्हणाले, "कान तिचा हो, मी नुसता शिकलो. भेंडी म्हणजे तिचा जीव की प्राण. तिलाही तुमच्यासारखाच मुतखडा, म्हणून बंद झाली."

"आणि तुम्ही?"

"तिला बंद झाल्यापासून मीही नाही खाल्ली. एकट्याच्या ताटात वाढून घेववत नाही."

आता आप्पा बाजारात डोळे मिटून बसले की मी शेजारी उभा राहून पारूबायला गप्प करतो. जून भेंडी मात्र मीच शोधून देतो.