आखाडातला प्लग

पुणतांबं जवळ आलं तशी मच्छिंद्रनं फटफटी बाभळीच्या आडोशाला उभी केली. इंजिनातला धडधाकट प्लग काढून खिशात घातला आणि त्याच्या जागी एक मेलेला जुना प्लग बसवला. नुसता बसवला नाही, तर पान्याला हातभर लोखंडी नळी अडकवून, दातओठ खात आवळला. मग फटफटी ढकलत, घामाघूम होऊन तो सासऱ्याच्या दारात हजर झाला.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आखाड लागला होता. लग्न उन्हाळ्यात झालेलं. पहिल्या आखाडात नव्या नवरीनं माहेरी राहायचं आणि जावयानं सासुरवाडीला मुक्काम करायचा नाही, ही दोन्ही घरची रीत. मनकर्णा माहेरी गेल्यापासून मच्छिंद्रला आपल्या गावी, राहात्यात, करमेना. भाकरी घशाखाली उतरेना. घर भरलेलं असूनही त्याला ते ओकंबोकं वाटायचं. दिवसा जाऊन सासऱ्याशी पीकपाण्याच्या गप्पा मारून परत यायचं, तर त्यात कसली आलीय गोडी? पण फटफटीच बंद पडली आणि अंधार झाला, तर बिचारी रीत तरी काय करणार?

"आरारारा! जावईबापू, ढकलत आलात व्हय?" रंगनाथ ओसरीवरून लगबगीनं खाली उतरले.

"प्लग गेला, मामा. आन् निघंना बी. ह्ये मिस्त्रीचंच काम. आन् मिस्त्री तर राहात्याला." मच्छिंद्रनं जमेल तेवढं तोंड पाडलं.

"मिस्त्री कशाला? आमी काय मेलोय?"

इथंच मच्छिंद्रचा हिशेब चुकला. दुसऱ्याचं अडलेलं काम ऐकून घरात बसून राहणारा माणूस त्या आळीत अजून जन्माला यायचा होता. शेजारचा बन्सी पाना घेऊन आला, सहादू रॉकेलची बाटली घेऊन आला आणि बाकीचे नुसतीच अक्कल घेऊन आले. रॉकेल ओतलं, मुरू दिलं. मग बन्सी पान्यावर लटकला. प्लग तसूभर हलला नाही, फटफटीच गर्रकन फिरून तुळशीकडे तोंड करून उभी राहिली. मग दोघांनी चाकं दाबून धरली आणि पान्याला नळी अडकवून तिघं तिला झोंबले. त्यांत मच्छिंद्रही होता. जोर लावत होता, फक्त उलट्या बाजूला.

"पाव्हणं, तुमी तर घट्ट करताय!" बन्सी ओरडला.

"सैल करायच्या आदी जरा घट्ट करावं लागतं," मच्छिंद्रनं ठोकून दिलं.

"आसं व्हय? मग लावा रं समदे जोर!" रंगनाथांनी फर्मान सोडलं, आणि सगळ्या आळीनं मिळून तो प्लग असा काही घट्ट केला की आता तो खुद्द मच्छिंद्रकडूनही निघाला नसता.

दम खायला मंडळी बसली. सासूबाई छबूबाई आतून आखाडातल्या गोड कापण्यांची ताटली घेऊन आल्या. "घ्या, मनीनं तळल्यात." त्या पाण्यासाठी वळल्या आणि तेवढ्यात दाराच्या फटीत बांगड्या किणकिणल्या.

"हाताला लागलं का वो?" मनकर्णानं हळूच विचारलं.

"न्हाई."

"लई वाळलात."

"तू बी."

तिचे डोळे भरून आले. त्यानं हातातली कापणी तशीच ताटलीत ठेवली. छबूबाई खाकरल्या. दार मिटलं. मच्छिंद्रला वाटलं, गावातली ही सगळी परोपकारी माणसं उचलून गोदावरीत बुडवावीत.

पण मदत एकदा सुरू झाली की थांबत नाही. "ठोकल्यावर ढिला व्हतो," म्हणत सहादूनं हातोडा उचलला आणि दुसऱ्याच घावाला प्लगच्या डोक्यावरची चिनीमाती खळकन फुटली, खालच्या नटाचे कोपरेही चेपले. आता पाना धरायलाही जागा राहिली नाही. मच्छिंद्रच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दिवस कलला होता.

"आता काय विलाजच न्हाई," तो सुतकी चेहऱ्यानं म्हणाला. "मुक्कामच करावा लागनार म्हना की."

"छ्या छ्या!" रंगनाथ म्हणाले. "आखाडात मुक्काम? तुमच्या आईला काय तोंड दावू मी? राहात्याची एस्टी हाय की आजून!"

"आन् फटफटी?"

"तिला कुठला आलाय आखाड? ऱ्हाईल की हितंच."

चौघांनी फटफटी उचलून ओसरीवर नेली. रात्री ओलं वारं सुटेल म्हणून मनकर्णानं आपली गोधडी आणून तिच्यावर पांघरली, चारी बाजूंनी नीट खोचली. मच्छिंद्र अंगणात उभा राहून बघत होता. लोखंडाचा एवढा हेवा त्याला जन्मात कधी वाटला नव्हता.

एस्टीच्या थांब्यावर सासरा-जावई दोघंच उभे राहिले.

"तुमच्या सासूच्या पयल्या आखाडात मी बी सासुरवाडीला गेल्तो," रंगनाथ रस्त्याकडे बघत म्हणाले. "बैलाचा पाय मुरगाळला म्हनून सांगितलं. बैल चांगला ठनठनीत हुता."

मच्छिंद्रच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "मग?"

"मग काय? सासऱ्यानं बैल ठिवून घेतला आन् मला पायी घरला धाडला."

दूरवर एस्टीचे दिवे दिसू लागले. मच्छिंद्रनं मान खाली घातली.

"पर बैल माझा न्हवं का? त्याला बघाया मलाच जावं लागायचं. दिवसा जायचं, सांजच्याला माघारी. रीत मोडली आसं कुनाला म्हनता आलं न्हाई." रंगनाथांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "फटफटीला बी तसं बघाया लागतं का वो?"

"लागतं की, मामा. रोजच्या रोज लागतं."

एस्टी येऊन थांबली. रंगनाथांनी जावयाला दंडाला धरून वर चढवलं आणि खिडकीशी येऊन हळूच म्हणाले,

"या मग उद्या. फकस्त त्यो मिस्त्री तेवढा आनू नगा."