निकेलवरचा अंगठा

आपल्या रिव्हॉल्वरला घाबरत नाही असा माणूस सोनाळ्यात अजून जन्मायचा आहे, असं नारायणरावांचं ठाम मत होतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्याआधी गाव मुंबई राज्यात होतं आणि त्याच्याही आधी मध्य प्रदेशात. राज्यं बदलली, लायसनवरचे शिक्के बदलले, पण नारायणरावांचा गावावरचा धाक जिथल्या तिथे होता. कुणाच्या वावरातून कापूस जाई, कुणाच्या विहिरीवरचा दोर जाई, कुणाचा कडबा रातोरात हलका होई. नारायणरावांच्या वावरातलं एक बोंड कुणी उचलत नसे. "कोनाची हिंमत हाये?" असं ते ओसरीवर बसून म्हणत आणि मांडीवरच्या रिव्हॉल्वरवरून फडकं फिरवत.

रिव्हॉल्वर होतंही देखणं. खामगावच्या एका कापसाच्या जिनातल्या गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना ते नारायणरावांच्या वडिलांना दिलेलं. अंगभर निकेलचा मुलामा. उन्हात धरलं की समोरच्या भिंतीवर कवडसा नाचायचा. त्याची निगा कशी राखायची ते उकंडराव नावाच्या एका म्हाताऱ्या हवालदारानं नारायणरावांना शिकवलं होतं. "याले भांडं समजू नका," उकंडरावांनी बजावलं होतं. "चिंच नाई, राख नाई. पालिशबी जास्त नाई. निकेल कांद्याच्या पापुद्र्यावानी पातय असते. घासत बसले तं खालचं लोखंड उघडं पडल, आन मंग जंग. कातड्याच्या म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरते. मऊ फलालीन आन शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब, बस. आन उघडा हात लावू नका. घामाचा अंगठा उमटला का दिसलाच समजा."

नारायणरावांनी हे वेदवाक्य मानलं. दर रविवारी ते दोन्ही हातांत जुने पायमोजे चढवून ओसरीवर बसत. रस्त्यानं जाणारा येणारा रामराम घाली आणि ते पायमोज्यातला हात वर करून रामराम घेत. मग रिव्हॉल्वर फलालीनमध्ये गुंडाळून माजघरातल्या कपाटात जाई आणि कपाटाची चावी त्यांच्या करदोड्याला.

आता आतली गोष्ट. रिव्हॉल्वर रिकामं होतं. नारायणरावांनी ते आयुष्यात एकदाच उडवलं होतं, तेही आकाशात. त्या आवाजानं जुंपलेले बैल गाडीसकट जे उधळले ते थेट टुनकीच्या शिवेवर थांबले, आणि नारायणरावांचा उजवा कान कितीतरी दिवस गुणगुणत राहिला. त्याच आठवड्यात त्यांनी उरलेली काडतुसं गुपचूप विहिरीत टाकली. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गावावरचा सगळा धाक गोळ्यांच्या त्या रिकाम्या चाकावर उभा होता आणि हे फक्त नारायणरावांना ठाऊक होतं.

त्यामुळे वेचणीच्या ऐन दिवसांत एका रविवारी फलालीन उलगडल्यावर नळीवर अंगठ्याचा ठसा दिसला, तेव्हा नारायणरावांनी रस्त्याकडे पाठ फिरवली. ठसा स्वच्छ होता. रेघ न् रेघ दिसत होती. त्यांचा स्वतःचा असणं शक्यच नव्हतं, ते पायमोज्याशिवाय हात लावत नसत. म्हणजे कुणीतरी कपाट उघडलं होतं. ज्यानं रिव्हॉल्वर हातात घेतलं त्यानं चाकही फिरवून पाहिलं असणार. म्हणजे आत गोळी नाही हे त्याला कळलं असणार. उद्या ही बातमी पारावर गेली की परवा वावरात कापूस जाऊन पऱ्हाटीच्या नुसत्या काड्या उरणार होत्या.

नारायणरावांनी तो ठसा पुसला नाही. ओसरीत बसल्या बसल्या त्यांनी घरातल्या प्रत्येकाकडे नव्या नजरेनं पाहायला सुरुवात केली. पहिला संशय मेहुण्यावर. भगवानराव डोणगावहून भाऊबीजेला आले होते आणि ताटात ओवाळणी टाकून झाली तरी परत जायचं नाव घेत नव्हते. झोपायचेही माजघरातच, कपाटाला पाय लावून. दुसरा संशय सालदारावर. दयाराम कापसाची गाठोडी टाकायला माजघरात दिवसभर ये-जा करी. तिसरी सोजराबाई, वेचणाऱ्या बायांची पुढारी. कापूस मोजायला ती संध्याकाळी घरात येई आणि तिची नजर चौफेर असे. चौथी खुद्द अन्नपूर्णाबाई, कारण ती बायको होती, आणि भगवानरावांची बहीणही होती.

कुणाला विचारायचं तर बातमी फुटणार. नारायणरावांनी विचार केला आणि त्यांना एक युक्ती सुचली. युक्ती इतकी नामी होती की ती सुचल्याबद्दल त्यांनी स्वतःलाच मनातल्या मनात शाबासकी दिली. घरात पितळेचे पेले होते, चिंचेनं घासून लखलखीत केलेले. प्रत्येकाला पेल्यातून पाणी द्यायचं, पेला परत घ्यायचा आणि अंगठ्याला अंगठा ताडून पाहायचा.

सुरुवात मेहुण्यापासून झाली.

"भाऊजी, तुमी पानी आनलं?" भगवानराव उठूनच बसले. "ताईची तब्येत बरी नाई काय?"

"पाहुने हात तुमी. प्या."

भगवानराव प्यायले. पण पेला ठेवताना त्यांनी तो धोतरानं पुसला. नारायणरावांनी दुसरा आणला. तो भगवानराव तळहातावर ठेवून प्यायले. तिसरा मात्र त्यांनी हातात धरला.

"भाऊजी, सकायपासून हा तिसरा पेला हाये," भगवानराव शेवटी म्हणाले. "मले जायले सांगायचं असल तं सरळ सांगा."

दयाराम गोठ्यात होता. "मले पेल्यात काऊन, मालक?" तो म्हणाला. "म्या तं विहिरीवर ओंजळीनं पेतो."

"आज पेल्यानं पे. अंगठा नीट टेकव. हाव, असा. आता दाब."

दयाराम पाणी प्यायला, पण मालकाकडे बघत बघत प्यायला. सोजराबाईचा प्रकार सगळ्यांत अवघड झाला. तिनं पेला पदरात धरून घेतला.

"पदर बाजूले करा, बाई," नारायणराव घाईघाईनं म्हणाले. "उघड्या हातानं धरा."

सोजराबाईनं त्यांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "उन्हातून आले का, मालक?" ती म्हणाली. "जरासे सावलीत बसा." पण पेला तिनं उघड्या हातानं धरला.

संध्याकाळपर्यंत कपाटात पेल्यांची रांग लागली. आता कोणता पेला कुणाचा हे लक्षात ठेवायला हवं होतं. नारायणरावांनी भगवानरावांच्या पेल्याजवळ सुपारी ठेवली, दयारामच्या पेल्याजवळ बिडीचं थोटूक, सोजराबाईच्या पेल्याजवळ कापसाचं बोंड, आणि अन्नपूर्णाबाईंच्या पेल्याजवळ त्यांच्या फुटक्या बांगडीचा तुकडा. ठसे उठून दिसावेत म्हणून सगळ्या पेल्यांवर कंदिलाची काजळी भुरभुरली. मग पायमोजे घालून, भिंग डोळ्याला लावून ते रोज दुपारी माजघराचं दार आतून बंद करू लागले.

ठसे काही जुळेनात. बघता बघता सगळे अंगठे त्यांना शेंगेच्या टरफलासारखे दिसू लागले. एकदा वाटलं दयारामचा, एकदा वाटलं मेहुण्याचा. खात्री व्हावी म्हणून त्यांनी पुन्हा पाणी वाटलं. पुन्हा पेले कपाटात गेले.

इकडे स्वयंपाकघरात पेले कमी पडू लागले. अन्नपूर्णाबाईंनी दयारामला विचारलं. दयारामला ते फार लागलं. त्यानं वेचणाऱ्या बायांकडे बोट दाखवलं. बायांनी पाहुण्याचं नाव घेतलं. भगवानरावांनी आपली पेटी सगळ्यांसमोर उघडून दाखवली आणि दाखवताना त्यातला एकेक सदरा झटकला. घरात जो तो एकमेकांच्या हाताकडे बघू लागला. नारायणरावांना हे पाहून बरंच वाटलं. चोर आता गडबडला आहे, असा त्यांनी अर्थ लावला.

आणि मग एका सकाळी वावरात कुणीच आलं नाही.

नारायणराव बांधावर उभे होते. पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटली होती आणि सातपुड्यावर ढग चढत होते. एक सर आली तर वर्षाचा कापूस मातीत जाणार होता. एरवी या वेळेला बायांच्या गप्पांनी वावर भरलेलं असे. दयारामचाही पत्ता नव्हता. नारायणराव तसेच पाय उचलत सोजराबाईच्या घरी गेले. सोजराबाई दारातच उभी होती आणि तिनं उंबरा ओलांडला नाही.

"वेचनी राह्यली, बाई. ढग आले."

"येनार नाई, मालक."

"काऊन?"

"तुमाले मालूम हाये काऊन," सोजराबाई म्हणाली. "माहा उष्टा पेला, त्याच्यावर काजळी, बाजूले बोंड. दयारामची उष्टी बिडी. सोताच्या बायकोची फुटकी बांगडी. आमी अडानी असू, पन करनी कशी करते ते आमाले समजते. कापूस वेचून घ्याचा आन वरून बायाइले मारून टाकाचं, असं हाये काय?"

करणीचं नाव एकदा लागलं की या गावात पाणी द्यायला कुणी येत नाही. पण त्या धास्तीतही नारायणरावांच्या डोक्यात एक प्रश्न चटकन उभा राहिला. कपाट तर कुलपात होतं. मग हे पाहिलं कुणी?

"चला घरी," ते म्हणाले. "समदे चला. आज निकाल लागल."

सगळे आले. सोजराबाई आली, तिच्या मागे वेचणाऱ्या बाया आल्या आणि मागून दयारामही आला. अंगणात भगवानराव पेटीवर बसले होते आणि अन्नपूर्णाबाई डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. त्याही गाठोडं बांधून तयार होत्या. भावाबरोबर डोणगावला निघाल्या होत्या.

"माह्या बांगडीचा तुकडा काऊन ठेवला व्हता, ते सांगा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "एवढी सालं संसार केला. मले काऊन मारता?"

आता लपवून चालणार नव्हतं. नारायणराव आत गेले, पायमोजे चढवले, रिव्हॉल्वर आणलं आणि सगळ्यांसमोर उंच धरलं. निकेल लखलखलं. आता अंगण थरकापणार, असं त्यांना वाटलं. बायांनी मान तिरपी करून जरा बघितलं, एवढंच.

"करनी नाई, काई नाई," नारायणराव म्हणाले. "याच्यावर कोनाचा तरी अंगठा हाये. तो शोधायसाठी पेले जमवले. आता ज्याचा असल त्यानं मुकाट्यानं सांगावं."

मग सोजराबाई एक पाऊल पुढे आली.

"कोन्त्या जागी हाये?" तिनं विचारलं.

"नळीवर."

"मंग माहा. मुठीवर असता तं तानुबाईचा."

मागून वेचणाऱ्या बायांतल्या तानुबाईनं हो म्हणून मान हलवली.

नारायणरावांचा हात खाली आला. बाकीचं अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं. गावात कुणाला डोळ्यावर रांजणवाडी झाली, गांधीलमाशी चावली, कपाळाला टेंगूळ आलं, की बाजाराच्या दिवशी नारायणराव घराबाहेर पडल्यावर सगळे इकडे येत. निकेल गार असतं आणि गुळगुळीत असतं. सुजल्या जागी नळी थोडा वेळ टेकवून धरली की ठणका उतरतो. कपाटाला कोठीची चावी लागते, हे अन्नपूर्णाबाईंना लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. गेल्या बाजाराच्या दिवशी कपाट उघडलं, तेव्हा आत काजळीच्या पेल्यांची रांग सगळ्यांना दिसली होती.

"दरखेपी म्या पुसून ठेवलं," त्या म्हणाल्या. "या खेपी भगवान चहा मांगत व्हता, तवा राह्यलं."

"आन गोई सुटली असती तं?" नारायणराव ओरडले. हा त्यांचा शेवटचा आधार होता.

दयाराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "गोया कुठं हायेत त्यात, मालक?" तो म्हणाला. "विहिरीतला गाळ काढला तवा मलेच सापडल्या. मालकीनबाई म्हने, बोलू नको, त्याइले वाईट वाटल."

अंगणात एवढी माणसं होती, पण एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. नारायणरावांनी एकेकाकडे पाहिलं आणि ते ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. इतकी वर्षं पायमोज्यातला हात वर करून घेतलेले सगळे रामराम त्यांना आठवले, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मंग माह्या वावरात चोरी काऊन होत नाई?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तुमच्या वावरात चोरी झाली का तुमी पयले कपाट बदलसान," सोजराबाई म्हणाली. "कुलूप बदलसान. मंग डोया सुजला तं आमी जावं कुठं?"

वर ढग दाटत होते. भगवानरावांनी पेटी उचलून पुन्हा माजघरात नेऊन ठेवली. अन्नपूर्णाबाईंनी गाठोडं सोडलं आणि आधी कपाटातले पेले बाहेर काढून राखेनं घासायला घेतले. सोजराबाईनं कापसाच्या झोळीचा ओटा कमरेला कसला आणि बायांना हाक दिली. सर यायच्या आत खालचं वावर तरी उरकू, म्हणाली. निघता निघता ती नारायणरावांपाशी थांबली.

"मालक, एक सांगू काय? राग नका मानू."

"सांगा."

"ते मशीनचं तेल नका लावत जाऊ. डोयाले लई चुरचुरते."

नारायणराव मांडीवरच्या रिव्हॉल्वरकडे बघत राहिले. उकंडराव हवालदारानं सांगितलेलं सगळं त्यांनी मनात एकदा घोळवून पाहिलं. याबद्दल तो काहीच बोलला नव्हता. मग त्यांनी हातातले पायमोजे काढले आणि घसा खाकरला.

"एरंडेल चालल काय?" त्यांनी विचारलं.