ओल

ह्यू ट्रँटर बॅरिस्टर लीड्समधल्या आपल्या कचेरीत अर्ज वाचत होते. वकील परवडत नाही अशा माणसाला फुकट बॅरिस्टर द्यायचा की नाही, हे एक संस्था ठरवत असे आणि त्यासाठी ट्रँटरांचं मत घेत असे. अर्जदाराची ऐपत नाही ना, दाव्यात दम आहे ना, एवढं बघायचं.

आजचा अर्ज मॉरीन सग्डेन नावाच्या बाईंचा होता. भिंतींना ओल, नातवाला दमा. तक्रार केली म्हणून घर रिकामं करायची नोटीस, वर कोर्टात दावा. ट्रँटरांचं रक्त उसळलं. त्यांनी संस्थेच्या ब्रॉनवेनला फोन लावला.

"मदत द्याच! असला निगरगट्ट घरमालक मी जन्मात पाहिला नाही."

"लिहून घेते, सर. दोन्हीकडच्यांशी तुमचा काही संबंध नाही ना?"

"छे! समोर मालकातर्फे कुठलीशी एजन्सी आहे."

"मग घराचा पत्ता तेवढा वाचा, नोंदीसाठी."

"सतरा, टॅनरी लेन, डॉन..." ट्रँटर थांबले. मावशीनं मरताना त्यांच्या नावावर ठेवलेलं डॉनकास्टरचं घर. त्यांनी ते एजंटाच्या गळ्यात घातलं होतं आणि पुन्हा तिकडे फिरकलेही नव्हते.

"सर? लाईन गेली का?"

"लाईन आहे, ब्रॉनवेन. दुसरंच काहीतरी गेलं." त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. "तो मालक मीच आहे."



"मग तुमचं मत बाद, सर. अर्ज दुसऱ्या बॅरिस्टरकडे जाईल."

"पण माझं मत बरोबर आहे!"

"असेल हो. पण ते तुमच्याच विरुद्ध आहे."

त्यांनी एजंटाला झापायला फोन केला. एजंट गारच होता. "साहेब, ओलीचं मी कळवलं होतं. तुम्हीच म्हणालात, कटकट करणारी माणसं नकोत."

म्हणाले होते खरे. कोर्टातून बाहेर पडता पडता, टॅक्सी शोधत.

"दावा मागे घे," ते पुटपुटले, "आणि दुरुस्तीला माणसं पाठव."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः डॉनकास्टरला गेले. सग्डेनबाईंनी दार किलकिलं केलं.

"वकिली मदतवाल्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

हो म्हणण्याचा मोह ओठांपर्यंत आला. "नाही. मी... घरमालक. दावा मागे घेतलाय. माफी मागायला आलोय."

बाईंनी त्यांना बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. मग दार उघडलं. आत शिरताच ट्रँटर सवयीनं ओव्हरकोटाची बटणं काढू लागले.

"राहू द्या अंगावर," बाई म्हणाल्या. "या घरात आम्हीही काढत नाही."