नेकनूरच्या जिपेत बाळखुर्ची कायम झाली, त्याची हकिकत

श्री मन्मथस्वामी समर्थ. नेकनूर मुक्कामी विज्ञानशास्त्रसंपन्न राजमान्य रुद्राणीबाईसाहेब, दहावीस गतीचे नियम शिकविणार, यांनी रोज दीड वर्षांची लेक शिवलीला मांडीवर घेऊन सुग्रीव सरदारांच्या काळीपिवळी जिपेत बैसावे, लेकीस बीडास माहेरी ठेवावे आणि मग शाळा गाठावी, ऐसा रिवाज होता. एके दिवशी मांजरसुंब्याच्या घाटात म्हैस आडवी आली, सुग्रीवांनी ब्रेक मारिला आणि लेक मांडीवरून सुटोन पुढील दांडीवर आदळली. कपाळी टेंगूळ आले. मग बाईसाहेबांनी पण केला की, घडी होऊन खांद्यास अडकेल ऐसी बाळखुर्ची सिद्ध केल्याविना लेक जिपेत नेणे नाही.

पहिली खुर्ची लोखंडाची जाहली, ती कोणासच उचलेना. दुसरी मिटली, ती उघडेना. तिसरी हलक्या नळ्यांची व ताडपत्रीची, तीत ज्वारीचे पोते बैसवून अंगणी हिसके देऊन पाहिले. सासूबाई गंगासागरबाईंनी फर्माविले, "जवारीला कावून झोके देतीस गं? लेकराला मांडी हाय की!"

मग सुमुहूर्ते खुर्ची जिपेत मांडली आणि बाईसाहेबांनी सीटेचा पट्टा ओढावयास हात घातला, तो पट्टाच नाही! कोन मोजले, बल मोजले, बक्कलाची ताकद मोजली. जिपेत पट्टे आहेत की नाहीत, इतुके पाहणे राहिले.

सुग्रीवांनी अर्ज केला, "पट्टे टपावर हायती, म्याडम. दुधाच्या कॅनी बांदल्यात. सांडलं तर लई नुसकान!"

बाईसाहेबांनी लेकीच्या कपाळी उरलेली टेंगळाची खूण दाखविली. सरदार वरमले. पट्टे बोल्टांनिशी काढिले होते, ते पान्याने पूर्वस्थळी कायम केले आणि कॅनी दोरखंडाने आवळिल्या. एका कॅनीस दोर पुरेना, तेव्हा सुग्रीवांनी तोड काढिली की, गंगासागरबाई बीडास येतच आहेत, त्यांची मांडी मोकळी हाय.

घाटात तीच म्हैस. तोच ब्रेक.

दूध गंगासागरबाईंच्या इरकलीवरून जिपेभर वाहिले. शिवलीला खुर्चीत जागची हलली नाही, टाळ्या पिटोन म्हणाली, "आनखी!"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. म्हैस सुखरूप. जखमी आपलेकडील खासा सेनापती, कपाळी टेंगूळ, लेकीस आले होते त्याच जागी. कारण गतीचे नियम शिकविणाऱ्या बाईसाहेबांनी स्वतःस पट्टा बांधिला नव्हता.