साठ्येकाकूंची कोबेची परीक्षा

टोकियोतल्या हिगाशी-कसाईत आमच्या शेजारच्या बाल्कनीत साठ्येकाकू रोज सकाळी आठला बसमध्ये बसतात. म्हणजे बसतात खुर्चीतच, पण मानेला प्रवासी उशी, मांडीवर पर्स आणि पायांत सपाता. दोन तासांनी स्वतःच ओरडतात, "गाडी पंधरा मिनिटं थांबेल!" मग चहा पिऊन पुन्हा बसतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काळजीच वाटली.

"अगं, सराव आहे," काकू म्हणाल्या. "लिस्बन ते वॉर्सा, बसनं. बूड तयार पाहिजे."

विमान त्यांना मंजूर नाही. "विमानातून काय दिसतं? ढग! ते डोंबिवलीतही होते." बसमधून लोकांची वाळत घातलेली धुणी दिसतात आणि धुण्यावरून घर कळतं, असा त्यांचा सिद्धांत आहे. माझ्या दोरीकडेही त्या बारकाईनं बघतात, त्यामुळे मी हल्ली फाटके टॉवेल आतच वाळत घालते.

त्यांचा मुलगा मंदार इथेच आयटीत आहे. त्यानं अट घातली, "आई, आधी दिवसाच्या बसनं एकटी कोबेला जा. मला एकही फोन न करता पोचलीस, तर युरोप." त्याला वाटलं, विषय मिटला. काकूंनी दशम्या करायला घेतल्या.

वाटेतल्या थांब्यावर एकाच रंगाच्या चार बस उभ्या होत्या. काकू चहा पिऊन चढल्या त्या भलत्याच बसमध्ये. आपला नंबर बघून बसल्या, बूटही काढले. ज्याची सीट होती तो गृहस्थ आला आणि 'सुमिमासेन, सुमिमासेन' म्हणत स्वतःच माफी मागत उभा राहिला! काकूंनी उदारपणे त्याला शेजारची जागा दाखवली. मग दशम्यांचा डबा सापडेना, तेव्हा प्रकाश पडला. बूट हातात घेऊन त्या चारही बसना प्रदक्षिणा घालत धावल्या. चौथीच्या दारात ड्रायव्हर घड्याळ बघत उभा होता. दीड मिनिट उशीर झाला होता. काकूंनी त्याला दशमी दिली. फोन मात्र पर्समधून काढला नाही.

कोबेला बस थांबली तर समोर मंदार! न राहवून तो बुलेट ट्रेननं पुढे येऊन थांबला होता. चेहरा एवढासा झालेला.

"मी फोन केला?" काकूंनी पायरीवरूनच विचारलं.

"नाही."

"मग हरलास. काढ तिकिटं!"

तिकिटं निघाली. जूनमध्ये काकू एकट्या निघताहेत. ही बातमी त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितली, लिफ्टमधल्या जपानी आजींनासुद्धा, शुद्ध मराठीत. त्या आजींनी टाळ्या वाजवल्या.

मलाही फार आनंद झाला. "आता युरोप जिंकूनच या," मी म्हटलं.

"येईनच गं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "कोबेहून आम्ही दोघं बसनंच आलो. एरवी सातला घराबाहेर पडतो तो, रविवारीसुद्धा लॅपटॉपमध्ये डोकं. दिवसभर मी भिंतींशी बोलते. म्हटलं, आता नऊ तास शेजारी आहे, मनसोक्त बोलू."

"मग? बोललात?"

"कुठलं! गाडी सुटल्या सुटल्या झोपला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, लहानपणी झोपायचा तसा." काकूंनी डोळे पुसले आणि हसल्या. "टोकियो येईपर्यंत मी हललेसुद्धा नाही."